नऊ ते चौदा नंबरचे खड्डे

माणसानं मूर्ख असायला इनालुकची हरकत नव्हती. मूर्ख माणसं तिनं जन्मभर पाहिली होती, एकाशी तर संसारही केला होता. पण इतका ठार मूर्ख माणूस चार विमानं आणि एक हेलिकॉप्टर बदलून, सात पेट्या यंत्रं घेऊन जगाच्या उत्तर टोकाला, थेट सियोराकपर्यंत पोचतो आणि वाटेत कुणीही त्याला ‘बाबा रे, घरी जा’ असं म्हणत नाही, याचं तिला खरोखर आश्चर्य वाटत होतं.

कॅलम फेनविक त्याचं नाव. ऑस्ट्रेलियाचा. वाळूतला मोठा पंडित म्हणे. पंडित कसला, पन्नाशी उलटलेला, लाल नाकाचा बाप्या! सकाळी उठायचं, किनाऱ्यावर गुडघे टेकायचे, खड्डा खणायचा, त्यातली वाळू थाळीत घ्यायची आणि ती थाळी बर्फासारख्या पाण्यात गोल गोल हलवत बसायचं. हलकी वाळू वाहून जायची, तळाला काळी, जड वाळू उरायची. मग त्या चिमूटभर काळ्याकडे भिंगातून पाहायचं आणि वहीत लिहायचं. तीन आठवडे हाच उद्योग. हाताखाली दोन दाढीवाले होते, ते पिशव्या भरायचे आणि जांभया द्यायचे. या काळ्या वाळूतून म्हणे भिंतीला लावायचा पांढरा रंग निघतो. काळ्यातून पांढरा! भाचीनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा इनालुक इतकी हसली, की हातातली बंदूक खाली ठेवावी लागली.

बंदूक धरणं हेच तिचं काम. तिघं जण माना खाली घालून वाळू चिवडत असताना मागून पांढरं अस्वल येत नाही ना, हे बघायचं. एकसष्ट वर्षांची झाली तरी गावात तिच्याइतकी लांबची नजर कुणाची नव्हती, म्हणून फेनविकच्या खाण कंपनीनं तिलाच नेमलं होतं. तीन आठवड्यांत एकही अस्वल फिरकलं नाही. अस्वलालाही काही इभ्रत असते, असं तिचं म्हणणं.

हसत होती खरी, पण हसण्यासारखं प्रकरण नव्हतं. कंपनीनं गावापुढे कागद ठेवला होता. वाळू चांगली निघाली तर सगळा किनारा खाणीला लागणार, म्हणजे सियोराक उठवावं लागणार. त्याबदल्यात अकराही घरांना तिकडे कानाक शहरात नवी कोरी घरं. अट एकच, सही अकराही घरांनी करायची. एका घरानं जरी नाही म्हटलं, तरी करार मोडला. दहा सह्या कधीच झाल्या होत्या. अकरावं घर इनालुकचं.

तिला जायचं नव्हतं. साधी गोष्ट होती. इथं जन्मली, इथं शिकार शिकली, इथं सकाळी दार उघडलं की वाऱ्याच्या पहिल्या झुळकीवर कळायचं, आज खाडीत उतरायचं की घरात बसून कातडी शिवायची. तिची धाकटी बहीण सहा वर्षांपूर्वी कानाकला गेली. आता दोन खोल्यांत बसून शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघते आणि सीलचं मांस दुकानातून प्लॅस्टिकमध्ये आणते. सीलचं मांस! दुकानातून! इनालुक एकदा तिच्याकडे राहायला गेली आणि चौथ्या दिवशी भांडून परत आली.

तरी तिनं आजवर सरळ नकार दिला नव्हता. ‘आधी वाळू निघू दे, मग बघू’ असं म्हणून ती सगळ्यांना झुलवत होती. दहा घरांशी वैर कशाला घ्या? वाळू निघणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, त्यातच तर सगळी गंमत होती.

सियोराकला काळी वाळू आहे कुठे? उत्तरेला ओढ्याच्या तोंडाशी एक पट्टा आहे, चार ढांगा रुंद, वीतभर खोल, संपला. बाकी सगळा किनारा राखाडी, फालतू. पण नावा उतरवायची जी जागा आहे ना, गावाच्या अगदी पुढ्यात, तिथं काळी वाळू हातभर खोल सापडते. ती समुद्रानं आणलेली नाही. ती आणली इनालुकच्या आजीनं, मग आईनं, मग खुद्द इनालुकनं. मे महिन्यात ऊन चढू लागलं, की किनाऱ्याला घट्ट धरून बसलेलं बर्फ काही हलायचं नाही आणि नावा अडकून पडायच्या. पांढऱ्यावरून ऊन घसरून जातं, काळ्यावर बसून राहतं, हे कळायला कुठल्या विद्यापीठात जावं लागत नाही. म्हणून बायका आणि पोरं ओढ्याच्या तोंडाची काळी वाळू बादल्यांत भरायची, कुत्र्यांच्या स्लेजवर लादायची आणि नावांच्या जागी बर्फावर पसरायची. दहा-बारा दिवसांत बर्फाची चाळण व्हायची आणि नावा पाण्यात. वाळू खाली बसायची ती तिथंच. पुढच्या वर्षी नवी. अशी सत्तर वर्षं. अलीकडे बर्फच पातळ झालं, मे महिन्यात आपलं आपण कुजतं, तेव्हा बारा-तेरा वर्षांमागे ते काम बंद पडलं.

आणि हा दीडशहाणा नेमका तिथंच खणत होता. नऊ ते चौदा नंबरचे खड्डे. बाकी साठ खड्ड्यांत काही नाही आणि या सहांत काळं सोनं! दुसऱ्या कुणी स्वतःला विचारलं असतं, की बाबा, गावाच्या दारातच कशी काय एवढी बरकत? घराघरांत साठीच्या, सत्तरीच्या बायका बसल्यात, एकीला तरी विचारलं असतं. पण विचारणार कसा? ज्ञान उतू जात होतं ना.

त्या दिवशी अकरा नंबरच्या खड्ड्यात तो गुडघ्यापर्यंत उतरला होता आणि खड्ड्याच्या भिंतीवर बोट फिरवत होता. भिंतीवर काळ्या-राखाडी पट्ट्या होत्या, एकावर एक. गेडिओनची मुलगी रेगिने, म्हणजे इनालुकची भाची, दुभाषी म्हणून शेजारी उकिडवी बसली होती. अठ्ठावीस वर्षांची पोर, राजधानीत नूकला शिकून आलेली, इंग्रजी फाडफाड.

“आत्या, ते म्हणतायत, चाळीसच्या वर थर आहेत,” रेगिने म्हणाली. “म्हणतायत, एकेक थर म्हणजे एकेक मोठं वादळ.”

“वादळ नाही गं, माझी आजी,” इनालुक म्हणाली.

रेगिनेनं झटकन वर पाहिलं. फेनविकनंही पाहिलं आणि काहीतरी विचारलं. रेगिनेनं त्याला दोन शब्दांत उत्तर दिलं आणि तो मान डोलावून पुन्हा खड्ड्यात वाकला.

“काय सांगितलंस त्याला?”

“सांगितलं, पाय सांभाळा म्हणतेय.”

“चांगलं केलंस. डोकं सांभाळा म्हणण्यात काही अर्थ नाही, रिकामंच आहे.”

रेगिने हसली नाही. इनालुकला वाटलं, पोरगी लहानपणापासून शहरातल्या वसतिगृहात राहिली, हिला कुठली बादली आणि कुठली आजी आठवणार. शिकली की पोरं बोथट होतात.

संध्याकाळी ती भावाकडे जेवायला गेली. गेडिओन तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, गावच्या पंचायतीचा प्रमुख, आणि कंपनीचा कागद आल्यापासून तर असा काही ऐटीत चालायचा, की बूटसुद्धा भाड्याचे वाटावेत. चुलीवर सील शिजत होता. टेबलावर कंपनीचं रंगीत पुस्तक उघडं पडलं होतं आणि त्यात नव्या घरांची चित्रं. लाल घरं, पिवळी घरं. घरांपुढे पांढऱ्याशुभ्र दातांची हसरी माणसं.

“ही कोण गं माणसं?” इनालुकनं भावजयीला विचारलं. “आपल्यात तर एवढे दात कुणालाच नाहीत.”

“अक्का, चेष्टा पुरे,” गेडिओन म्हणाला. “शुक्रवारी बैठक आहे. फेनविकसाहेब निकाल सांगणार. त्याच दिवशी सही कर म्हणजे झालं.”

“करीन की. वाळू निघू दे.”

“निघालीय.”

“कुठं निघालीय?”

गेडिओननं उकडलेल्या मांसाचा तुकडा सुरीनं कापला आणि तो तोंडात टाकेपर्यंत तिच्याकडे पाहिलंच नाही. “नावांच्या जागी,” तो म्हणाला.

इनालुकला हसू दाबता दाबता ठसका लागला. काय भाऊ लाभला होता! आईच्या मागे मागे याच पोरानं लहान बादली घेऊन शंभर खेपा केल्या होत्या, एकदा तर स्लेजवरच्या वाळूत मुतला म्हणून मारही खाल्ला होता. आणि आता साहेबाच्या तोंडून ऐकलं की सगळं विसरला! सत्तेची खुर्ची मिळाली की डोकं आधी जातं. तिनं ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोठं यंत्र येईल, खाली भोक पाडेल, हातभर वाळूखाली नुसते दगड लागतील, आणि मग फेनविकचं, गेडिओनचं आणि त्या हसऱ्या दातवाल्यांचं तोंड बघायला ती पहिल्या रांगेत बसेल. गाव जागच्या जागी राहील. तिला करायचं काय होतं? गप्प बसायचं होतं. मूर्खांना त्यांच्या मूर्खपणानं बुडू द्यावं, त्यात हात घालू नये.

मनातल्या मनात ती बैठकीपर्यंतचे दिवस मोजत होती, आणि तेही मजेत.

शुक्रवारी गावच्या सामाईक घरात सगळे जमले. गावात पाण्याचे नळ नाहीत, कपडे धुवायचे, अंघोळ करायची ती तिथंच, आणि बैठक असली की यंत्रं बंद करून बाकं मांडायची. कॉफी होती, तीन प्रकारचे केक होते. नारव्हालची, म्हणजे शिंगवाल्या देवमाशाची, कातडी चौकोनी कापून ताटात मांडली होती. फेनविकनं एक तुकडा उचलला, बराच वेळ चघळला आणि नजर चुकवून रुमालात काढला. इनालुकनं ते पाहिलं. तो काय करतो ते सगळं ती पाहत असे.

मग त्यानं भिंतीवर नकाशा लावला. गावापुढचा अख्खा किनारा लाल. सहा खड्ड्यांच्या जोरावर कोसभर लांब लाल पट्टा! इनालुकनं कपाळाला हात लावला. ओढ्याच्या तोंडाशी, जिथं खरी वाळू होती, तिथं त्यानं साधा पिवळा ठिपका दिला होता. फेनविक बोलत होता, रेगिने सांगत होती, माणसं माना हलवत होती. वाळूत अमुक टक्के, तमुक टक्के. इनालुकचं लक्ष केककडे होतं.

शेवटी गेडिओन उभा राहिला. “तर मंडळी, काम झालं. आज अक्काची सही झाली की नऊ दिवसांनी जहाज येतंय, त्यातून नव्या घरांचं सामान कानाकला उतरेल. सप्टेंबरात आपण तिकडे. मोठं यंत्र पुढच्या उन्हाळ्यात इथं बसणार, ते नेमकं नावांच्या जागी, म्हणून माणसं आधी हलवायची. कागदात लिहिलंय, यंत्राला पुढे काहीही सापडो वा न सापडो, घरं आपली ती आपली.”

इनालुकच्या हातातला केक हातातच राहिला.

आधी? गाव आधी उठणार आणि भोक नंतर पाडणार? म्हणजे खाली दगड लागले तरी ते बघायला इथं काळं कुत्रंही नसणार. तीन आठवडे ती ज्या गोष्टीची वाट बघत खुशाल हसत होती, ती घडायच्या आत तिचं घर फळ्या ठोकून बंद झालेलं असणार. कागद दोनदा तिच्या हातात आला होता. दोन्ही वेळा तिनं तो न वाचता बाजूला सारला होता, मूर्खांचा कागद म्हणून.

ती उठली. “गेडिओन, खाली बस. रेगिने, त्या माणसाला सांग. ती वाळू तिथली नाही. आम्ही आणून टाकली. आजीनं, आईनं, मी. ओढ्याच्या तोंडावरून, बादल्यांनी, बर्फ वितळवायला. नऊ ते चौदा नंबरचे सगळे खड्डे आमच्या बादल्यांचे आहेत. खाली काही नाही. या गाढवानं एका माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण विचारलं नाही, आणि तुम्ही सगळे याच्या मागे धावत सुटलात. जरा शरम वाटू द्या!”

कुणी दचकलं नाही. ‘अगंबाई, हो की!’ असं कुणी म्हणालं नाही. एका कपात चमचा वाजत होता तो थांबला, एवढंच. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. घरात चोरून खाल्लेलं कुणी मोठ्यानं बोलून दाखवलं की होतं, तसं झालं.

मग कोपऱ्यातून बेनिग्ने बोलली. त्र्याऐंशी वर्षांची, गावातली सगळ्यात म्हातारी. बादल्यांच्या खेपांवर तीच मुकादम असायची. कुणी अर्धी बादली भरली तर परत पाठवायची.

“कुणाला सांगतेस गं?” बेनिग्ने म्हणाली. “मला? तुझ्या हातात पहिली बादली मी दिली. खाली बस.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“इथं कुणाला ठाऊक नाही? तुला काय वाटलं, देवानं अक्कल एकट्या तुलाच दिली?”

इनालुकनं गेडिओनकडे पाहिलं. तो नकाशाकडे बघत होता. रेगिनेकडे पाहिलं. रेगिनेचे कान लाल झाले होते.

“मी पण वाहिली आहे, आत्या,” ती हळू म्हणाली. “सात वर्षांची होते. तू माझी बादली ओतून दिलीस.”

“अगं, मग ही सगळी माणसं…” तीन आठवडे इनालुक गावाला मूर्ख समजत होती, आणि गाव लबाड निघालं! अख्खं गाव मिळून त्या ऑस्ट्रेलियाच्या माणसाला शेंडी लावत होतं, आणि सगळ्यांच्या मधे बंदूक घेऊन उभी असलेली ही एकटीच बावळट. “खोटारड्यांनो! सत्तर वर्षं वाहिलेली वाळू विकून घरं घेता?”

“घेतो,” बेनिग्ने म्हणाली. “सत्तर वर्षं मी हिमनगाचे तुकडे फोडून, घरी आणून, वितळवून पाणी प्यालेय. माझ्या हातांची बोटं बघ, वळत नाहीत. मला एकदा नळ फिरवून ऊन पाणी बघायचंय, मरायच्या आत. तुला शिकार करायचीय तर कर. मला नळ पाहिजे.”

एवढं सगळं होत असताना फेनविक एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. त्यानं रेगिनेला काहीतरी विचारलं. रेगिने घाईघाईनं उत्तर देऊ लागली, पण त्यानं हात वर करून तिला थांबवलं आणि पुन्हा काही म्हणाला, या वेळी सावकाश.

“काय म्हणतोय?” इनालुकनं विचारलं.

रेगिनेनं बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी त्यांना सांगत होते, की आत्या लहानपणी या वाळूत खेळायची, तिला वाईट वाटतंय. ते म्हणतायत, नाही, नीट सांग. जे बोलली ते शब्दाला शब्द सांग.”

“सांग मग.”

रेगिनेनं सांगितलं. सगळं. गेडिओन डोकं धरून बसला. सांगून झाल्यावर फेनविकनं कॉफीचा कप बाकावर ठेवला आणि इनालुकच्या समोर येऊन उभा राहिला. जवळून तो बराच थकलेला दिसत होता. तो बोलू लागला आणि रेगिने अडखळत त्याच्या मागे मागे.

“म्हणतायत, मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. थरांच्या मधे कुत्र्यांची विष्ठा होती. प्रत्येक थरात. म्हणतायत, समुद्रातलं वादळ पुष्कळ काही करतं, पण…” रेगिने थांबली. “पण ते हगत नाही.”

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसलं. इनालुकला हसू आलं नाही.

“मग तो लाल रंग कशाला फासला?”

“म्हणतायत, खड्डे खरे आहेत, आकडेही खरे आहेत. वाळू कुठून आली ही एकच ओळ अजून लिहिलेली नाही. कंपनीला लाल नकाशा आवडतो. नाही आणला तर पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवतात. आणि इथं… इथं पहिल्या दिवसापासून सगळं गाव माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. तेव्हा म्हटलं, या लोकांना काहीतरी हवंय. राहू दे.”

“पुढच्या वर्षी यंत्र खाली जाईल. तेव्हा?”

फेनविकनं खांदे उडवले.

“म्हणतायत, तेव्हा मला गाढव म्हणतील. कागदावर नाव माझंच आहे. हा माझा शेवटचा उन्हाळा, मग मी घरी बसणार.” रेगिनेचा आवाज खाली आला. “पण आत्या, ते म्हणतायत, कुणी बोलत नव्हतं तोवर ठीक होतं. आता तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. आता मला ती ओळ लिहावी लागेल. लिहिली तर करार मोडला, गाव इथंच. तुम्ही म्हणालात, की मी काही सांगितलंच नाही, तर नाही लिहिणार. म्हणतायत, तुम्ही सांगा.”

ते सगळं आता तिच्या हातात होतं. एक शब्द बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर ती तीन आठवडे तरबेज झाली होती. घर राहिलं असतं. खाडी राहिली असती. सकाळचा वारा राहिला असता. आणि मग दहा घरांतली माणसं, जन्मभर तिच्या दारावरून जाताना, पाण्यासाठी बर्फाच्या पिशव्या खांद्यावर वाहत, तिच्याकडे न बघताच गेली असती. तिनं एकेका तोंडाकडे पाहिलं. लबाड! सगळे लबाड! भाऊ लबाड, भाची लबाड, तो लाल नाकाचा तर महालबाड. एकाकडे बघावंसं वाटेना. बेनिग्ने मात्र तिच्याकडेच बघत होती, मांडीवर ते वाकडे हात ठेवून, आणि विनवणी वगैरे काही करत नव्हती. अर्धी भरलेली बादली परत पाठवताना बघायची, तशीच बघत होती.

“कागद आण,” इनालुक गेडिओनला म्हणाली.

“अक्का…”

“आण म्हटलं ना. आणि रेगिने, त्याला सांग, मी काही सांगितलं नाही. म्हातारी झालेय, लहानपणीचं काहीबाही बरळले.”

तिनं सही केली. पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. रेगिनेनं सांगितलं तेव्हा फेनविकनं मान खाली घातली.

“आणि अजून एक सांग त्याला. मी समजत होते त्याहून तो पुष्कळच मोठा मूर्ख आहे. हे शब्दाला शब्द सांग.”

या वेळी रेगिनेनं तसंच सांगितलं असावं, कारण तो हसला आणि त्यानं हात पुढे केला. इनालुकनं तो घेतला नाही. तिनं कोपऱ्यातली बंदूक उचलली आणि बाहेर आली.

बाहेर वारा अगदी पडला होता आणि ऊन पाण्यावर पसरलं होतं. ती नावांच्या जागेवर जाऊन उभी राहिली, खड्ड्यांच्या कडेला. कुणालातरी शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं, पण आत जेवढी माणसं होती त्यांना सगळ्यांना देऊन झाल्या होत्या, आणि उरलेल्या तिच्या स्वतःच्या वाट्याच्या होत्या. तेवढ्यात तिला पाण्यावर फुस्स असा आवाज आला. मग दुसरा. खाडीच्या तोंडातून नारव्हाल आत येत होते. दहा, बारा, मागे आणखी. ठिपक्यांच्या पाठी वर यायच्या, श्वास सोडायच्या, बुडायच्या. एकाचं लांब शिंग उन्हात चमकलं.

तिनं विचार केलाच नाही. नारव्हाल पहिल्यांदा जो बघेल त्यानं ओरडायचं, आणि ते ओरडणं कानावर पडताच हातातलं सोडून, जेवत असाल तर घास टाकून, कयाक होडी उचलायची, हे सियोराकचं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. ती छाती फुटेस्तोवर ओरडली. आवाज डोंगरावर आपटून परत आला. मांडवावर उलट्या ठेवलेल्या कयाक जागच्या जागी होत्या. ती पुन्हा ओरडली.

सामाईक घराचं दार उघडलं आणि गेडिओन बाहेर आला. त्याच्या हातात कागदाच्या घड्या केलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेला लोकरी टोप होता. त्यानं खाडीकडे पाहिलं. नारव्हाल त्यालाही दिसले, न दिसायला आंधळा नव्हता. एक क्षण त्याचे पाय पायऱ्यांवरून खाली वळलेसुद्धा. मग आतून कुणीतरी त्याला हाक मारली, आणि हसण्याचा गलका झाला.

“अक्का,” तो ओरडला, “आत येतेस का? घरांच्या चिठ्ठ्या काढतोय. बेनिग्नेला पिवळं लागलं, अगदी दवाखान्याला लागून!”

कळप आता इतका जवळ आला होता, की त्यांचे श्वास वेगळे वेगळे मोजता आले असते.

“तुझी मी काढू का?” गेडिओननं विचारलं.

“काढ,” ती म्हणाली.